सात मतपत्रिकांवरचा श्री

गुरुवार, २५ नोव्हेंबर २००४

७.४२ ची गाडी रद्द. ८.०५ ने गेले, मेडनहेड ते पॅडिंग्टन उभी. ऑफिसात टेबलावर माझी नोट परत आलेली, कडेला ॲलनची हिरवी शाई. ॲलन माझा बॉस. नव्या लोकशाह्यांना संविधान शिकवणाऱ्या संस्थेचा डेप्युटी हेड, आणि आयुष्यात एकही संविधान शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं नाही. "स्मिता, इट्स अ बिट लाँग." अध्यक्ष निवडून आला की त्याच्यावर कायदेमंडळं शिक्का कसा मारतात, यावर बारा देश, बारा पानं. देश लांबण लावतात त्याला मी काय करू?

युक्रेनच्या निवडणूक आयोगाने काल निकाल जाहीर केला आणि रस्ते माणसांनी भरले. युक्रेनचा परिच्छेद मी सोमवारी लिहिला होता. शिळा झाला.

घरी मराठी मंडळाच्या मतपत्रिका आल्यात. एक पाकीट माझं, एक म.चं. अध्यक्षपदाला उमेदवार दोन: डॉ. वसंत प्रभुणे आणि मी. म. म्हणाला, "स्वतःचं नाव छापलेलं बघून बरं वाटलं का?" नवऱ्याने भूल द्यायचं काम हॉस्पिटलातल्या पेशंटपुरतं ठेवावं, टोचायचं घरी नको.

फ्रिजवर त्याची यादी. वर ॥ श्री ॥, खाली दूध, साठचा बल्ब, टॉयलेट रोल. देवावर काडीचा विश्वास नाही, पण कोऱ्या कागदावर श्री काढल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. आजोबांनी लहानपणी छडी घेऊन लावलेली सवय. आणि श्री तरी साधा काढावा? वेलांटीचा काना खाली ओढून अक्षराच्या पोटाखालून परत डावीकडे आणतो, टोकाला टिंब. मांजर शेपूट गुंडाळून बसतं तसा दिसतो. टॉयलेट रोलच्या डोक्यावर.

शनिवार, २७ नोव्हें.

मंडळाची दिवाळी पार्टी. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले, पण स्काउट हॉल आजच मिळाला. लक्ष्मीपूजनही हॉलच्या तारखेने.

प्रभुण्यांचं भाषण. निवृत्त हाडांचे डॉक्टर, माणूस चांगला, हीच त्यांची सगळ्यात मोठी खोड. "स्मितावहिनींनी सहा वर्षं मराठी शाळा चालवली, त्यांचे उपकार आहेत." टाळ्या. "पण मुलं आता येत नाहीत. तेव्हा शाळा महिन्यातून एकदा करू, आणि बाकीचे रविवार सुगम संगीत." आणखी मोठ्या टाळ्या. ज्यांची नातवंडं आजी-आजोबांना "तू कुठे चालला" विचारतात, तेच टाळ्या वाजवत होते. माझी शाळा हार्मोनियमच्या पेटीत घालून पुरणार आहेत. मी उभी राहिले ती एवढ्यासाठीच, खुर्चीची मला हौस नाही. (थोडी आहे. इथे खोटं कशाला.)

त्यांच्या बाजूला त्यांच्या पिढीचे डॉक्टर, माझ्या बाजूला बेसिंगस्टोकची आयटीची पोरं. पुण्या-नागपूरची, वर्क परमिटवर आलेली, त्यांची मुलं लहान आहेत म्हणून त्यांना शाळा हवी. मुलं मोठी झाली की यांनाही सुगम संगीत आवडायला लागेल.

परत येताना गाडीत म.: "जिंकलीस तर अजून दोन वर्षं रविवार गेले म्हणायचे." मी म्हटलं, "रविवारी तू करतोस काय? झोपतोस."

युक्रेनच्या संसदेने आज ठराव केला की निकाल खरा नाही. ठरावाला कायद्याने काही वजन नाही म्हणे. मग केला कशाला? केला, म्हणून मला आणखी एक तळटीप.

शनिवार, ४ डिसें.

काल युक्रेनच्या सुप्रीम कोर्टाने मतदानाची फेरीच रद्द केली. २६ ला पुन्हा मतदान. युक्रेनचा परिच्छेद चौथ्यांदा लिहिला. ॲलन: "कॅन वुई जस्ट से, इट डिपेंड्स?" म्हणू की. बाराही देशांबद्दल म्हणू. अर्ध्या पानात नोट संपेल.

खरं म्हणजे सगळ्यात स्वच्छ निवडणूक यंदा आयर्लंडने केली. दुसरा उमेदवारच नाही. अर्ज एक, अध्यक्ष एक, मोजायचं काही नाही, प्रमाणित करायचं काही नाही. आमच्या मंडळाने तेच करायला हवं होतं.

मतपत्रिका भरल्या. मी माझ्यापुढे फुली मारली, जेवढ्या जोरात मारता येईल तेवढ्या जोरात. म.ला म्हटलं, "भरतोस ना?" तो क्रिकेट ऐकत होता. "ठेव तिथे." जेवणानंतर दोन्ही पाकिटं स्वतः पोस्टाच्या पेटीत टाकून आला. थंडीत. मला तेव्हा ते प्रेमळ वाटलं होतं.

(शेवटचं वाक्य २२ तारखेला घातलं आहे.)

मंगळवार, १४ डिसें.

काल अमेरिकेत राज्याराज्यांत निवडणूक प्रतिनिधींनी मतं टाकली. हे लोक एकच काम करायला निवडले जातात: ठरलेल्या माणसाचं नाव कागदावर लिहायचं. मिनेसोटातल्या एका दिवट्याला तेही जमलं नाही. अध्यक्षाच्या जागी उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराचं नाव लिहिलं, तेही चुकीच्या स्पेलिंगने! तिथे मतदान गुप्त, त्यामुळे हा शहाणा कोण ते कुणालाच कळलं नाही. आणि मत मोजलं. ६ जानेवारीला भर सभागृहात ते वाचून दाखवतील.

ट्रेनमध्ये हसत होते. समोरच्या बाईने जागा बदलली.

रविवार, १९ डिसें.

मोजणी. उमेदवारांना आत बंदी, नियम १२. मोजणारे दोघे: आमच्याकडून बेसिंगस्टोकचा निखिल, त्यांच्याकडून साठेकाकू. मी घरी भांडी घासली. स्वच्छ होती तीही.

साडेचारला साठेकाकूंचा फोन. प्रभुणे ६२, मी ५८. "वाईट वाटून घेऊ नकोस हं." आवाजात पेढा होता.

चार मतं. सहा वर्षं दर रविवारी तो गार हॉल उघडला, हीटरवर हात शेकत बाराखडी गिरवून घेतली, आणि चार मतं. मंडळ गेलं खड्ड्यात. म.ने न विचारता चहा केला. "जाऊ दे," म्हणाला. पाठीवर हात ठेवला. त्याच्या आवाजात सुटका ऐकू आली असं वाटलं, पण मी त्या वेळी सगळ्यांचा संशय घेत होते.

साडेपाचला निखिल. "ताई, सात मतपत्रिकांवर वरती श्री लिहिलंय. नियम चौदा काय सांगतो?"

नियम चौदा काय सांगतो ते मला तोंडपाठ आहे. मतपत्रिकेवर फुलीखेरीज कोणतीही खूण असल्यास मत बाद. दोन वर्षांपूर्वी घटना दुरुस्त केली तेव्हा हा नियम मीच लिहिला. ऑफिसातल्या नमुन्यावरून उतरवला आणि मराठीत घातला. फक्त एक विसरले, की माझे मतदार मराठी आहेत. साठीच्या पुढचा प्रत्येक डॉक्टर कोरा कागद दिसला की आधी श्री काढतो. जगातल्या कुठल्याच नमुन्यात हे नव्हतं, आणि मला या माणसांत जन्म काढून सुचलं नाही.

सातांपैकी सहा प्रभुण्यांना, एक मला. सात बाद केल्या तर प्रभुणे ५६, मी ५७.

"ताई, तुम्ही जिंकलात!" निखिल ओरडला. मागे त्याची मुलगी रडत होती.

सोमवार, २० डिसें.

मंडळाच्या ईमेल ग्रुपवर सकाळपासून महायुद्ध. आकडे सगळ्यांना ठाऊक झाले, ६२-५८ आणि ५७-५६ दोन्ही. एकाने लिहिलं, श्री बाद करणं म्हणजे हिंदू धर्माचा अपमान. दुसऱ्याने, नियम म्हणजे नियम. दोघांनीही नियम वाचलेला नाही. एकाने मध्येच तिळगुळाच्या साच्याची चौकशी केली. एकदम शहाणा माणूस तोच.

निकालाला मान्यता ८ जानेवारीच्या कार्यकारिणीत, सभा सगळ्या सभासदांना खुली. समितीत चौघे: दोन डॉक्टर, दोन बेसिंगस्टोकचे. म्हणजे दोन-दोन. अध्यक्ष सप्टेंबरात कायमचे पुण्याला गेले, त्यामुळे खुर्चीवर उपाध्यक्ष. निर्णायक मत खुर्चीचं. उपाध्यक्ष मी.

माझ्या नोटेत पान नऊवर वाक्य होतं: ज्याचा निकालात हितसंबंध आहे त्याने मान्यता देणाऱ्या सभेच्या अध्यक्षस्थानी बसू नये. ॲलनने तेच कापलं. जागेअभावी.

बुधवार, २२ डिसें.

निखिल मतपत्रिकांचं पाकीट देऊन गेला, सभेची खुर्ची माझी म्हणून. काल अख्खा दिवस क्रॉयडनला व्हिसा वाढवायच्या रांगेत होता, आज माझ्यासाठी रजा. पोरगा चांगला आहे. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही, पाकीट बघायची घाई.

सात मतपत्रिका वेगळ्या, प्लॅस्टिकच्या फोल्डरात. एकेकीवर एकेक श्री. एक थरथरता. एक दोन रेघांमधला, शाळेतल्यासारखा. एक इतका लहान की माशी बसल्यागत.

पाचवा, वेलांटीचा काना खाली ओढून पोटाखालून डावीकडे आणलेला. टोकाला टिंब.

फुली प्रभुण्यांपुढे.

फ्रिजवरची यादी आणून शेजारी ठेवली. गरज नव्हती. अठ्ठावीस वर्षं हा श्री बघतेय. लेकीच्या, रेवाच्या डब्यातल्या चिठ्ठीवर, गहाणखताच्या मसुद्यावर, बाबा गेले तेव्हा मला लिहिलेल्या पत्रावर.

राग आला, असं लिहिणार होते. आधी रडू आलं. मग राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. समोर बसून जेवला. "जाऊ दे" म्हणाला. पाठीवर हात ठेवला मेल्याने.

नियम चौदा कशासाठी असतो हे बारा पानांत मी लिहिलंय: मतदार ओळखू येऊ नये. ओळखू आला की त्याला धमकावता येतं, विकत घेता येतं. किंवा त्याच्या शेजारी झोपावं लागतं, हे मी लिहिलं नव्हतं.

शनिवार, २५ डिसें.

रेवा आली. जेवताना: "आई, तुझा मंडळ किती पॉलिटिक्स करतो! कुणी एवढी सीरियसली का घेते?" सहा वर्षं शाळा चालवणारीच्या मुलीचं हे मराठी. तिला मी शाळेत घातलं तेव्हा ती तेराची होती, फार उशीर झाला होता. शाळा काढली ती खरं तर त्यासाठीच, तिचं जे राहिलं ते दुसऱ्या कुणाचं राहू नये म्हणून. हे मी प्रचारात कधी बोलले नाही. प्रभुण्यांना समजलं असतं कदाचित.

भेटींवर म.ने चिठ्ठ्या लावल्या होत्या. माझ्या चिठ्ठीवर ॥ श्री ॥ आणि खाली "स्मितास". आत गरम हातमोजे. "गाडीच्या स्टेशनावर तुझे हात गारठतात म्हणून." मी थँक्यू म्हटलं. रेवा म्हणाली, "बाबाचा श्री सो फनी, त्याला टेल आहे." म. हसला. मी भांडी उचलली.

सोमवार, २७ डिसें.

टीव्हीवर काल सकाळपासून समुद्र. लंका, तामिळनाडू, इंडोनेशिया. म.चा बरोबरीचा एक डॉक्टर नागपट्टणमचा आहे, त्याचा फोन लागत नाही. म. दर तासाला लावून बघतोय.

आज मंडळाबद्दल लिहायची लाज वाटते. लिहीत नाही.

मंगळवार, २८ डिसें.

तो डॉक्टर सुखरूप. म. फोन ठेवून जिन्याच्या पायरीवर बसला. हा माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं होतं.

युक्रेनमध्ये दुसरा निवडून आला. आता हरलेला कोर्टात जाणार म्हणे. परिच्छेद पाचवा.

सोमवार, ३ जानेवारी २००५

बँक हॉलिडे. सकाळी प्रभुण्यांचा फोन. मला वाटलं भांडायला.

"स्मितावहिनी, त्या सातांत एक मत तुम्हाला आहे ना? ते माझं."

मी म्हटलं, "काय?"

"अहो, उमेदवाराने स्वतःला मत द्यायचं नसतं. वडील आमचे नगरपालिकेला उभे होते, आपलं मत समोरच्याला देऊन आले. थोडक्यात पडले. पण रात्री जेवले पोटभर."

मला पहिल्यांदा हसू आलं. मग माझी फुली आठवली, कागद फाटेल इतक्या जोरात मारलेली.

"मीटिंगला मी तोंड उघडणार नाही," म्हणाले. "तुम्ही काय ते ठरवा. फक्त मला एक कळत नाही वहिनी, श्री ही खूण कशी हो? सगळेच काढतात. कोणाचा श्री कुठला, कोण ओळखणार?"

मी काहीतरी बोलून फोन ठेवला.

इथेच घोडं पेंड खातं. डॉक्टर मंडळींचा सगळा युक्तिवाद एवढाच आहे: श्रीवरून कुणी ओळखू येत नाही, म्हणून ती खूण नाही, म्हणून मत चांगलं. तो खोडून काढायला एकच साक्षीदार आहे. तिने उभं राहून म्हणायला हवं, मी ओळखला. हा माझ्या नवऱ्याचा.

आणि साक्ष न देता नुसता नियमावर बोट ठेवून निर्णायक मत टाकलं तर? तेही चालेल. मी जिंकेन. कुणाला काही कळणार नाही. म.ला सुद्धा नाही.

मंगळवार, ४ जाने.

नोट संपवायला फिलिपिन्स वाचलं. गेल्या वर्षी मेमध्ये मतदान, आणि जून संपत आला तरी त्यांची काँग्रेस पाकिटं उघडत होती. विरोधक उभे राहून आक्षेप घेणार, आक्षेपाची नोंद होणार, पुढचं पाकीट उघडणार. मेक्सिकोत पूर्वी तर निवडून आलेले खासदारच एकमेकांच्या निवडणुकीला मान्यता देऊन मग अध्यक्षाच्या निवडणुकीला देत. शेवटी कंटाळून न्यायाधिकरणाकडे दिलं. भारतात राष्ट्रपतीची मतं संसद भवनातच मोजतात, पण मोजतो सचिव, खासदार नव्हे. काही म्हणा, आपल्या लोकांना एवढी अक्कल होती.

जिथे मोजणाऱ्यालाच निकालाची गरज असते तिथे नियम कितीही चांगला असो, चिखल होतो. हे वाक्य नोटेत घातलं. ॲलन कापेलच.

गुरुवार, ६ जाने.

ऑफिसात संध्याकाळी सहाला स्क्रीन लावली. वॉशिंग्टनला तेव्हा दुपारचा एक. ॲलनने क्रिस्प्स आणले, वर्ल्ड कप असल्यासारखे.

राज्याराज्यांच्या मतांच्या लाकडी पेट्या आल्या. उपाध्यक्ष खुर्चीवर, तोच पुन्हा उपाध्यक्ष म्हणून निवडून आलेला. स्वतःच्याच लग्नात भटजी. अलाबामापासून अक्षरवार. ओहायोला आक्षेप, यंदा लेखी, आणि सिनेटमधल्या एका बाईची सही असलेला. मग दोन्ही सभागृहं वेगळी झाली, चर्चेला दोन तास. मी निघाले. घरी पोचून बातमी पाहिली: आक्षेप फेटाळला, सिनेटमध्ये तिच्या बाजूने तिचं एकटीचंच मत. बाकीच्यांनी छान, काळजी वाटते, अशी भाषणं केली आणि विरोधात हात वर केले. थू!

चार वर्षांपूर्वीचं ते दुसरं दृश्य आठवत राहिलं. तेव्हाचा उपाध्यक्ष स्वतः उमेदवार होता, हरलेला. खुर्चीवर बसून स्वतःचा पराभव वाचायचा होता. त्याच्याच बाजूचे लोक एकामागून एक आक्षेप घेऊन उठले, त्याच्यासाठी. कागदावर सिनेटरची सही नाही म्हणून त्याने एकेकाला खाली बसवलं. नियम त्याच्या विरुद्ध होता आणि त्याने तो लावला.

बारा देशांत मला आदर वाटावा असा हा एकच प्रसंग सापडला. पण त्याला सोपं होतं, नियम सांगत होता हर. मला माझाच नियम सांगतोय जिंक.

आणि त्याच्या पेट्यांत त्याच्या बायकोचं अक्षर नव्हतं.

शुक्रवार, ७ जाने.

विचारलं शेवटी. जेवणानंतर तो संत्रं सोलत होता.

"तू मत कुणाला दिलंस?"

"तुला. आणखी कुणाला देणार?" साल एका लांब पट्टीत निघत होतं, तुटू न देता.

"वर श्री काढलास?"

"लक्षात नाही. काढला असेन. का?"

"सातांत तुझं असेल मग."

"असेल." संत्र्याच्या दोन फोडी माझ्यापुढे ठेवल्या. "बाद करून टाक ना. एका मताने काय होतंय!"

५७-५६ त्याला ठाऊक आहे. ईमेल ग्रुपवर तोही आहे. एका मताने काय होतं ते त्याला माझ्याइतकंच माहीत आहे. म्हणजे खोटं पचवायला बघत होता, की मत परत घेत होता? माझ्याकडे बघत नव्हता, संत्र्याकडे बघत होता.

मला म्हणायचं होतं, रविवार हवा होता तर तोंडाने मागायचास. मग आठवलं, मागितला होता. गाडीत, सत्तावीस नोव्हेंबरला, या वहीत आहे. मी म्हटलं होतं, झोपतोस.

फोडी खाल्ल्या. गोड होत्या.

शनिवार, ८ जाने.

सकाळ. मीटिंग अकराला. रात्रभर वारा, मागचं कुंपण आडवं पडलंय. शेजारचा जॉर्ज ड्रेसिंग गाउनवर उभा राहून त्याच्याकडे बघतोय.

निखिलचा मेसेज: ऑल द बेस्ट ताई, स्टँड फर्म. साठेकाकूंचा मेसेज: येताना डिस्पोजेबल कप आण.

निकालाची दोन पत्रकं लिहून ठेवली आहेत. एकात ६२-५८, दुसऱ्यात ५७-५६. दोन्ही शुद्ध, दोन्हीत नियमाचा आधार. बारा देशांचा अभ्यास केल्याचा एवढा फायदा झाला की कुठल्याही निकालाला आधार देता येतो. कुणावर हसत होते मी इतके दिवस? युक्रेनवर, मिनेसोटाच्या त्या शहाण्यावर, फिलिपिन्सच्या पाकिटांवर. सगळी थुंकी वर बघून उडवलेली.

प्रभुणे जिंकले तर शाळा महिन्यातून एकदा, आणि माझे रविवार मोकळे. मी जिंकले तर शाळा राहते, आणि दर रविवारी हॉल उघडताना पाचवी मतपत्रिका आठवणार. तिसरा मार्ग आहे. उभं राहून खरं सांगायचं: श्री ओळखू येतो, मी ओळखला, म्हणून नियम बरोबर आहे. आणि मग सगळ्या मंडळासमोर, प्रभुण्यांसमोर, साठेकाकूंसमोर, कुणाचा ते सांगायचं.

म. गाडी काढायला गेलाय. "सोडतो तुला. थांबतो बाहेर, किती वेळ लागेल तेवढा." नाताळ सोडला तर आज त्याचा पहिला मोकळा शनिवार आहे महिन्याभरातला.

पर्स घ्यायला स्वयंपाकघरात गेले तर फ्रिजवर नवी यादी. ॥ श्री ॥, शेपूट, टिंब. दूध. कप. कुंपणाचे खिळे. आणि खाली, वेगळ्या ओळीत: स्मितासाठी पेढे, निकाल काहीही लागो.

हॉर्न वाजतोय. यादी काढून घेतली आणि दोन्ही पत्रकांच्या मध्ये ठेवली. ती सभेत पुरावा म्हणून काढायची की परत येताना दुकानात, ते अजून ठरलेलं नाही.